आक्कांचा बर्फ

सौद्यातून उठून जायचं असेल तर चप्पल सावकाश घालायची. हे मला कुणी शिकवलं नाही. परभणीच्या बैलबाजारात मिसरूड फुटायच्या आधीपासून उभा राहिलो, तिथं बघून शिकलो. "राहू द्या मग" म्हणायचं, उठायचं, धोतर झटकायचं, एक पाय चपलेत घालायचा आणि दुसरी चप्पल सापडत नसल्यासारखं करायचं. तेवढ्यात हाक येते. "अहो बसा, लगेच काय रागावता" म्हणत समोरचा हाताला धरून खाली बसवतो आणि खरा सौदा तिथून पुढं चालू होतो. यात उठणाऱ्याला राग नसतो आणि हाक मारणाऱ्याला कमीपणा नसतो. ही एक रीत आहे. आमच्याकडं बैल, कापूस, सोयरीक, सगळं याच रीतीनं ठरायचं.

मी बोरीचा. घरी चार एकर कोरडवाहू आणि खाणारी आठ तोंडं. बैलबाजारातल्या दलालीतून थोडं जमवलं आणि परभणी स्टेशनासमोर दुकान टाकलं. पाटीवर उर्दूत आणि मराठीत लिहून घेतलं, 'सफरीचा बंदोबस्त'. हा काय धंदा, असं आजच्या वाचकाला वाटेल. त्या काळी निजामाच्या मुलखात ज्याला काशीला जायचंय, मुलीचं वऱ्हाड न्यायचंय किंवा हैदराबादला कचेरीत खेटे घालायचेत, त्याला रेल्वेचा डबा कुठं बदलतो, उतरल्यावर कुठं राहायचं, शिधा किती घ्यायचा, काही ठाऊक नसे. ते सगळं मी बघायचो. पोखर्णीच्या नरसिंहाला येणाऱ्या परमुलखातल्या माणसांना बैलगाड्या द्यायचो. एका कापूसवाल्याला परभणीच्या विहिरीशिवाय दुसरं पाणी पचत नसे, तर त्याच्यासाठी डाख लावून बंद केलेले पाण्याचे डबे अलाहाबादपर्यंत पोचवले. एका तहसीलदाराच्या सासूनं पोपटाला जागा दिल्याशिवाय गाडीत पाय ठेवला नाही. गार्डाशी भांडून मी त्या पोपटाला जागा मिळवून दिली. भांडण हा माझ्या धंद्याचा निम्मा भाग होता, आणि सांगायला हरकत नाही, तो मला आवडायचा.

एवढं सांगतो ते माझी हुशारी कळावी म्हणून. कारण पुढं जे सांगायचं आहे, ते या हुशारीनंच केलं. तीस वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आषाढात पाथरीहून निरोप आला, आक्कांनी बोलावलंय. आक्का म्हणजे शिवकांताबाई. लिंगायतांचं जुनं घर, मोठी शेती, कापसाची पेढी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. कारभार दीर काशिनाथअप्पांच्या हातात. एकुलता एक मुलगा विश्वनाथ विलायतेत डॉक्टरी शिकायला गेलेला, त्याला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत आक्कांनी त्याला पाहिलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा त्या सोप्यात बसल्या होत्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मांडीवर मुलाचं पत्र.

"सोपानराव, तुमी लोकायला काशीला नेता. मला बर्फाला न्याल का?"

"बदरीनाथाला?"

"त्याच्याबी पल्याड." आणि त्यांनी पत्र वाचून दाखवलं. आक्कांना चांगलं वाचता येई. मुलानं लिहिलं होतं की, यंदाच्या नाताळच्या सुट्टीत तो स्वित्झर्लंड म्हणून मुलूख आहे तिथं डोंगरावर जाणार आहे. तिथं लोक पायाला लाकडाच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात. तीन आठवडे सुट्टी आहे. आई, तू ये. लहानपणी मला कैलासाची गोष्ट सांगायचीस, तेव्हा बर्फ कसा असतो विचारलं की म्हणायचीस, मी तरी कुठं पाहिलाय. आता बघू.

"एवढं शिकायला धाडलं," आक्का म्हणाल्या, "अन् पोरगं घसरायलंय." असं म्हणून हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

काशिनाथअप्पा खांबाला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "वैनी, बाई माणसानं समुद्रापल्याड जायचं, तेबी घसरगुंडी बघायला! लोक काय म्हनतील?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अन् हा बैलाचा दलाल तुमाला नेणार. ऐक सोपान, तूच भरीला घालायलास. ह्याच्यात काही फसलं तर परभणी टेसनाच्या आवारात तुला उभं राहू देणार न्हाई."

दलाल हा शब्द मला झोंबला. मी म्हणालो, "अप्पा, आक्कांचा पाय बर्फावर पडला न्हाई तर नावाचा सोपान न्हाई."

"बोलले सोपानराव!" आक्का म्हणाल्या. "आता मला जावंच लागतंय."

असल्या कामासाठी मुंबईत विलायती कचेऱ्या होत्या. मी आधी तिथंच गेलो. एका कचेरीत काउंटरवरच्या बाबूनं मला तासभर उभं ठेवलं. माझं धोतर, पटका, हातातली वळकटी बघितली आणि शेजारच्याला म्हणाला, "यांना सांगा, बैलबाजार इकडे नाही." मी बैलबाजारातला होतो हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्यानं नुसता अंदाज मारला आणि तो नेमका लागला. त्या माणसाचं तोंड मला आजही दिसतं, आणि आजही तो भेटला तर मी दोन शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाही. जहाजाची चौकशी मी दुसऱ्या ठिकाणी केली आणि ठरवलं की, राहण्याचा बंदोबस्त आपण स्वतः करायचा. असा करायचा, की त्या बाबूला मी कधीतरी जाऊन सांगेन, तू जेवढं देतोस त्याच्या दीडपट मी मिळवलं.

खरं तर इथंच ते काम आक्कांचं राहिलं नाही, माझं झालं.

विश्वनाथनं पत्रात त्या गावातल्या एका हॉटेलचं नाव कळवलं होतं. इंग्रजी पत्रं लिहायला मी आमच्या परभणीच्या शाळेतले मास्तर गाठले. मी सांगायचो, ते लिहायचे. आक्कांच्या गरजा साध्या होत्या, पण त्या गावात कुणी ऐकल्या नसतील अशा. परक्या हातचं खाणार नाहीत, तेव्हा चूल वेगळी पाहिजे. सोबत स्वयंपाकाला भाची येणार. रोज सकाळी अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी पिणार नाहीत. त्यावर आक्कांचाच प्रश्न होता, "तिथं पाणीच गोठलेलं असलं तर लिंगाला घालू काय?" तोही मी लिहून घेतला.

श्रावणात पत्र गेलं, भाद्रपद लागता उत्तर आलं. कागदाच्या डोक्यावर डोंगराचं आणि हॉटेलचं चित्र छापलेलं. मास्तर वाचत गेले आणि त्यांचा चष्मा खाली घसरत गेला. सगळं कबूल! मागच्या अंगाला एक लहानशी खोली आहे, तिच्यात चूल आहे, ती बाईंना देऊ. शेजारची उन्हाच्या बाजूची खोली झोपायला. पाणी गोठणार नाही, रोज सकाळी गरम पाण्याचे दोन हंडे खोलीत येतील. डॉक्टरसाहेबांच्या मातोश्री आमच्याकडे येणार याचा आनंद आहे. दोन्ही खोल्या आपल्या नावानं राखून ठेवतो, कायम झाल्याचं तेवढं कळवा.

"झालं की काम!" मास्तर म्हणाले. "लिहू का, कायम?"

मला मात्र चैन पडेना. पहिल्या बोलीला हो म्हणणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. पाहिला असेल तर त्याचा बैल लंगडा निघाला होता. एवढं सहज देतोय म्हणजे अजून देण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ आहे, असा माझा हिशेब. पत्रातच लिहिलं होतं की, गावात बिनचाकाची घोडागाडी मिळते, ती घोडे बर्फावरून ओढतात, तिचं भाडं वेगळं. मी म्हणालो, "मास्तर, लिहा. घोडागाडी तीन आठवडे रोज दारात पाहिजे, भाडं देणार नाही. चुलीचं जळण त्यांचं. आणि भाचीच्या राहण्याचं काही घेऊ नये."

इकडं तयारी जोरात चालली होती. हैदराबादहून आक्कांचा पासपोर्ट आला. फोटोला त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढला होता, तो दोन बोटं मागं घ्यायला फोटोवाल्याला दुपार लागली. बोरीच्या धनगराकडून मी पांढऱ्या लोकरीचं जाडजूड घोंगडं विणून घेतलं, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेलं, आणि परभणीच्या शिंप्याकडून त्याचा पायघोळ कोट शिवला. तो कोट खुंटीला टांगायची गरज नव्हती, जमिनीवर ठेवला की आपला आपण उभा राहायचा. नवरात्राच्या उकाड्यात आक्कांनी तो घालून पाहिला.

"सोपानराव, हा कोट हाय का ज्वारीची कणगी? अन् हे काय, खिसा? बाईमाणसाला खिसा कशाला?"

"विलायतेत बायकांनाबी असतो, आक्का. शिंपी ऐकंना."

"राहू द्या. त्यात बर्फ भरून आणते, अप्पाला दाखवाया."

त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "पोरगं वळखंल ना मला? केस लय पिकले."

मी म्हणालो, "आक्का, ह्या कोटात तुमाला कुणीच वळखणार न्हाई." सगळं घर हसलं.

दसऱ्याला हॉटेलचं दुसरं उत्तर आलं. जळण देऊ. भाचीचं काही घेणार नाही. घोडागाडी मात्र आमची नाही, गावातल्या गाडीवानाची आहे, तेव्हा तेवढं जमणार नाही, क्षमा असावी. दिवस थोडे उरलेत, कायम झाल्याचं लवकर कळवावं.

तीनातल्या दोन गोष्टी मिळाल्या होत्या. बैलबाजारात कुणी एवढं दिलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. पण माझ्या डोळ्यापुढं मुंबईचा तो बाबू उभा होता. मी म्हणालो, "मास्तर, आता उठायचं."

"कुठं?"

"सौद्यातून. लिहा, गाडी नसेल तर आम्हाला तुमच्या खोल्या नकोत, आम्ही दुसरीकडं जातो."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "सोपानराव, ही माणसं नको म्हटलं की नको समजतात. त्यांच्यात मागून हाक मारायची चाल नाही."

"बोलावतात. तुमी लिहा. तीनच ओळी. अन् खाली आपला पत्ता ठळक लिहा, हाक मारायला सोपं जाईल."

पत्र टाकलं आणि मी वाट बघत बसलो. दिवाळी गेली. पाथरीला मेतकूट, भाजणी, ज्वारीचं पीठ डब्यांत भरून झालं. भस्माचे गोळे वेगळ्या डबीत. आक्का निरोप धाडायच्या, "कायम झालं का?" मी उलट निरोप द्यायचो, "झाल्यासारखंच हाय." मला तसूभरही शंका नव्हती. माझी दुसरी चप्पल मी अजून शोधत होतो.

कार्तिकात उत्तर आलं. मास्तरांनी वाचलं आणि माझ्या हातात दिलं, जणू मला इंग्रजी येत होतं. मग सांगितलं. आपला निर्णय कळला, वाईट वाटलं. आपल्या इच्छेप्रमाणे दोन्ही खोल्या मोकळ्या केल्या आणि एका कुटुंबाला दिल्या. नाताळात आता गावात कुठंच जागा नाही. बाईंना जिथं जागा मिळाली असेल, तिथं त्यांची सुट्टी सुखाची जावो.

ते पत्र मी कितीदा वाचून घेतलं असेल. त्यात टोमणा कुठंच नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, तार केली असती, काही तरी केलं असतं. पण ती माणसं खरोखर सुखाची सुट्टी जावो म्हणत होती.

इथपर्यंत जे झालं ती चूक. माणूस ज्या बाजारात वाढतो त्या बाजाराची रीत त्याला सगळ्या जगाची वाटते. पुढचं मात्र चूक नव्हे.

जहाजाची तिकिटं काढलेली होती, ते सुटायला अजून आठ-दहा दिवस होते. मास्तर म्हणाले, "बाईंना खरं सांगा. मुलाला तार करू. तो लंडनला खोली बघेल. बर्फ नाही तर नाही, मुलगा तर भेटेल." एवढं सरळ होतं ते. मी हो म्हणून पाथरीला गेलो. मानवत रोडला उतरून टांग्यात बसलो तेव्हाही खरंच सांगायचं असं मनात होतं.

सोप्यात आक्का डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. शेजारी काशिनाथअप्पा पान लावत होते. मला बघताच अप्पा म्हणाले, "आले आमचे विलायती दलाल! काय रे, बैल विकला का?"

माझं डोकं फिरलं. या माणसासमोर 'माझ्या हातून सौदा मोडला' हे शब्द तोंडातून निघेनात. निघाले ते हे, "आक्का, यंदा तिथं बर्फच पडला न्हाई. हाटेलवाल्यांनी हाटेल बंद ठेवलंय. पोरंबी जायनात म्हणे तिकडं."

आक्कांच्या हातातली चिठ्ठी डब्याला अर्धी चिकटली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बर्फाचाबी दुष्काळ असतो म्हना की," त्या म्हणाल्या.

अप्पा खो खो हसले. आक्कांनी चिठ्ठी नीट दाबून बसवली, डबा बाजूला ठेवला आणि आत हाक दिली, "सोपानरावायला जेवाया वाढा."

मी जेवलो. पोटभर जेवलो, हेही लिहून ठेवतो. लंडनला जाऊन मुलाला भेटा, हे मी सुचवलं नाही; भेट झाली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं. परभणीला येऊन विश्वनाथला तार केली, आईला ताप आहे, येऊ शकत नाही. मास्तरांनी तारेचा मजकूर लिहायला नकार दिला. मी स्टेशनावरच्या बाबूकडून लिहून घेतला. मास्तर त्यानंतर माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

पुढच्या वर्षी लढाई लागली. विश्वनाथ तिकडच्या दवाखान्यातच अडकला. माझं पाथरीला जाणं-येणं चालूच होतं, त्या घरची सगळी कामं माझ्याकडं होती. दरवर्षी थंडी पडली की आक्का एकदा तरी विचारायच्या, "काय सोपानराव, यंदा तरी पडला का बर्फ?" एवढं विचारून थांबायच्या. हातातलं काम बाजूला ठेवून माझ्याकडं बघायच्या. मी म्हणायचो, "लढाई चालू हाय, आक्का. तिकडची खबर येत न्हाई." त्या म्हणायच्या, "असं," आणि जेवायला वाढायला सांगायच्या.

मला वाटायचं, भोळी बाई आहे.

शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. तेव्हाही माझा आवाज ऐकला की मान वळवून विचारायच्या. लढाई संपण्याच्या वर्षभर आधी त्या गेल्या. मुलाची भेट झाली नाही.

विश्वनाथअप्पा लढाईनंतर परत आले. पाथरीहून एक दिवस माझ्या दुकानात आले, बसले, खिशातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. चित्र होतं. तेच हॉटेल, पत्राच्या डोक्यावरचं. फरक एवढाच की, या चित्रात खिडक्यांच्या निम्म्यापर्यंत बर्फ होता. पाठीमागं त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "आई, बर्फ कमरेएवढा आहे. उन्हात डोळे दिपतात. तुला दाखवायचा राहिला. ताप उतरला का?" त्याच सुट्टीतलं, त्याच डोंगरावरून टाकलेलं. टपालाचा शिक्का स्पष्ट होता.

"आईच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात सापडलं," ते म्हणाले. "तिनं मला लिहिलं होतं, ताप आला होता, आता बरी आहे. आता घरात विचारतो तर त्या साली तिला ताप आलेला कुणालाच आठवत नाही. काका म्हणतात, तिकडं बर्फ नव्हता म्हणून राहिलं. तुम्हाला काही आठवतं का, सोपानराव?"

मी कार्ड पालटून शिक्क्यावरची तारीख पुन्हा बघितली. म्हणजे माघात हे कार्ड पोचलं तेव्हाच आक्कांना सगळं कळलं होतं. बर्फ पडला होता हे, मी मुलाला खोटी तार केली हेही. दिराला एक शब्द सांगितला असता तर माझं दुकान उठलं असतं. सांगितला नाही. मुलालाही माझं खोटं त्यांनी आपलं म्हणून लिहिलं. आणि दर थंडीला मला विचारत राहिल्या. पाच-सहा वर्षं ती बाई एक चप्पल घालून माझ्या हाकेसाठी उभी होती, आणि सगळा बाजार तोंडपाठ असलेल्या मला ते ओळखू आलं नाही. का उभ्या होत्या, माझ्यावर एवढी मेहरबानी कशासाठी, हे विचारायला आता कुणी नाही.

विश्वनाथअप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना आईच्या दुखण्याबद्दल डॉक्टर म्हणून नव्हे, मुलगा म्हणून जाणून घ्यायचं होतं. नक्की काय झालं होतं, तिला खूप त्रास झाला का.

मी म्हणालो, "आठवतं की. ताप होता. लय होता. कुणाला कळू दिला न्हाई त्यांनी."

ते मान हलवून उठले. बाहेर जाताना पायात बूट घालायला त्यांना वेळ लागला, नाडी बांधायची होती. मी गादीवर बसून होतो.

आता त्यांचा परभणीत दवाखाना आहे. दिवाळी अंक ते आवडीनं घेतात, रोग्यांच्या बाकावर ठेवतात, पण आधी स्वतः वाचतात, हे मला ठाऊक आहे. संपादकांनी धंद्यातल्या आठवणी मागितल्या तेव्हा पोपटाची गोष्ट द्यायचं ठरवलं होतं, पण ती वर चार ओळींत उरकली आणि म्हणून हे लिहिलं.

विश्वनाथअप्पा, आक्कांना ताप आला नव्हता. त्यांचे डबे भरून तयार होते.